लोखंडी स्वारी

आमचा छापखाना शिळाप्रेसचा होता. घासून गुळगुळीत केलेल्या दगडावर तेलकट शाईनं उलटं चित्र काढायचं आणि त्यावर कागद दाबून ते सुलटं उठवायचं, असं ते काम. सोलापूरच्या गिरण्यांतून निघणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर चिकटवायची रंगीत लेबलं आम्ही छापत असू. हत्ती, मोर, कमळातली लक्ष्मी, पंखा घेतलेली बाई. लग्न होऊन मी त्या घरात आले, तेव्हा उंबरठ्यावर उदबत्तीच्या आधी शाईचाच वास नाकात शिरला होता. पुढच्या सोप्यात छापखाना आणि मागे आम्ही, अशी सगळी व्यवस्था होती.

दगडावर चित्र काढण्याचं काम अण्णा करत.

अण्णा तेलुगू विणकरांच्या घरातले. जन्माला आले ते मुलगी म्हणून. पण जाणत्या वयात त्यांनी परकर टाकला, केस कापले आणि धोतर-सदरा घालायला सुरुवात केली. घरच्यांनी आधी विचारलं, मग मारलं, मग दोन्ही सोडून दिलं. हातमागावर त्यांच्यासारखा काठ घरात दुसऱ्या कुणाला उतरत नव्हता. पुढं वडील गेले आणि घर त्यांच्यावरच आलं, तेव्हा काठाची नक्षी काढणारा हात घेऊन ते आमच्या छापखान्यात आले. बोळातली माणसं त्यांना अण्णा म्हणू लागली. तेलुगूत अण्णा म्हणजे थोरला भाऊ. त्यांची आई मात्र शेवटपर्यंत 'अम्मायी' म्हणत राहिली, म्हणजे पोरी. मी अण्णा म्हणत असे, म्हणून इथंही तसंच लिहिते.

धोतर नेसत, पण नाकातली चमकी त्यांनी काढली नव्हती. शुक्रवारी कानामागं अबोलीची फुलं खोचून कामावर येत. मी नवी होते, तरुणही होते. एकदा राहवलं नाही, विचारलं, "अण्णा, धोतर नेसता, मग चमकी का ठेवलीत?"

त्यांनी दगडावरची मान वर केली नाही. म्हणाले, "धोतर आवडतंय. चमकी बी आवडती."

मला वाटलं, पुढं काहीतरी सांगतील. पण त्यांचं सांगून झालं होतं.

मग मंदीचा काळ आला. गिरण्यांच्या पाळ्या कमी झाल्या, भोंगे कमी वाजू लागले. कापडच कमी निघायचं, तर लेबलं कोण मागणार? आमचे हे दिवसभर दारात उभे राहून रस्ता बघत. आमच्याकडे गिरणीतल्या विलायती साहेबाच्या बंगल्यावरची रद्दी येत असे, दगड पुसायला आणि कागद गुंडाळायला. एक दिवस त्या रद्दीत पोरांसाठी काढलेलं एक विलायती साप्ताहिक निघालं. पानावर चौकटी आखलेल्या, चौकटीत चित्रं, आणि चित्रातल्या माणसांच्या तोंडातून ढगासारखा फुगा निघून त्यात अक्षरं. आम्ही असलं काही पाहिलं नव्हतं. ह्यांनी ते पान दोन्ही हातांत धरून उजेडाकडे नेलं आणि म्हणाले, "अगं, संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत हे खपेल."

माझ्या वडिलांनी मला इंग्रजी चार बुकं शिकवली होती. दुपारी मी ती गोष्ट वाचून सगळ्यांना सांगितली. ऐकायला हे, अण्णा आणि मशीन चालवणारे चाचा. विलायतेत पूर्वी एक राजा होता. त्याचं मेज गोल होतं, कारण त्याला मेजावर वरचं-खालचं आसन नको होतं. त्या मेजाभोवती त्याचे सरदार बसत. सगळे लोखंडी पोशाख घालून घोड्यावरून हिंडत, अडल्यानडल्याच्या हाकेला धावत. त्यांतला एक सरदार तोंडावर लोखंडी झाकण ओढून मैदानात उतरे, सगळ्यांना हरवी आणि नाव न सांगता निघून जाई.

अण्णा ते चित्र बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "तोंड झाकलंय की."

"हो. म्हणून तर कुणी ओळखत नाही."

"मग हा बाप्या हाय, हे कुणाला कळलं?"

मी म्हटलं, "पुस्तकात तसं लिहिलंय."

"लिवणाऱ्यानं तरी कुटं बघितलं?"

चाचा हसले. हेही हसले. अण्णा हसत नव्हते. त्यांनी ते पान मागून घेतलं, घडी न घालता गुंडाळलं आणि घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोळशानं काढलेला एक कागद आणला. घोड्यावरचा तोच सरदार, पण आता त्याच्यामागं आपला भुईकोट, तळ्यातलं देऊळ आणि गिरणीचं धुराडं. घोडा टांग्याचा, बरगड्या दिसणारा. आणि अंगावरचं लोखंड पत्र्यासारखं नव्हतं. अण्णांनी ते विणलेलं काढलं होतं. उभ्या तारा, आडव्या तारा, खाली काठ. तलवार त्यावर आपटली की मोडावी आणि पोशाखाला सुरकुतीसुद्धा पडू नये, असं ते लोखंडाचं कापड. हा सरदार धुराड्यावरून कोटाच्या बुरुजावर उडी घेई आणि बंद दारं नुसत्या खांद्यानं उघडी. देवाचा अवतार नव्हता, राजाही नव्हता. कुठून आला ते कुणाला माहीत नव्हतं.

चित्रं अण्णांची आणि मजकूर माझा, असं ठरलं. आणि पहिल्याच चौकटीत मी अडले. सरदार घोड्यावरून उतरतो आणि म्हणतो... मी लिहिलं, 'घाबरू नका, मी आलो आहे.'

अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आलो म्हणजे बाप्या झाला."

"मग 'आले' लिहू?"

"मग बाई झाली."

"मग काय लिहायचं, अण्णा? मराठीत तिसरं काय आहे?"

"आमच्यात 'नेनु वच्चानु' म्हणत्यात. बाई म्हणू दे, बाप्या म्हणू दे, तेच." त्यांनी शाईची बोटं धोतराला पुसली. "तुमच्या मराठीत माणूस यायच्या आदी त्याला विचारत्यात, कोण ते. मग आत घेत्यात."

मी 'आम्ही आलो' सुचवलं. राजेमहाराजे तसं म्हणतातच, आणि 'आम्ही'मध्ये बाई-पुरुष कळत नाही. त्यांना ते पटलं नाही. "एकटंच हाय ते. आमी कशाला म्हणेल?"

त्या दिवसापासून मी माझ्या भाषेकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. मी पुण्याकडची. माझं 'मी जाते, मी येते' ऐकून बोळातल्या बाया हसत. त्या स्वतः 'मी जातो, मी येतो' म्हणत. तिथल्या बायकांची बोलीच तशी. म्हणजे 'येतो' चालत होतं, ते दोघांचंही होतं. 'मी पाहिलं', 'मी ऐकलं', 'मी धरलं' यांतही काही अडचण नव्हती. अडचण होती ती नुसत्या आलो-गेलोची. मग आम्ही ठरवलं की सरदारानं आपण आलो-गेलो असं कधी म्हणायचंच नाही. लोक हाक मारतील तेव्हा त्यानं म्हणायचं, 'मी हाय.' निघताना म्हणायचं, 'येतो.'

राहिलं नाव. हे 'लोखंडी स्वार' म्हणत होते. मी म्हटलं, "स्वार नको, स्वारी म्हणू. 'स्वारी आली, स्वारी बसली' असं आपण पुरुषालाही म्हणतोच की." हे जरा गोंधळले, कारण माहेरी माझ्या मैत्रिणी ह्यांच्याबद्दल विचारताना 'तुझी स्वारी' म्हणत, ते त्यांना ठाऊक होतं. पण अण्णांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला आणि म्हणाले, "हे बरं हाय."

शेवटच्या चौकटीत स्वारी तोंडावरचं झाकण वर करते, असं ठरलं होतं. ह्यांना तिथं पिळदार मिशांचा देखणा चेहरा हवा होता. दगड मशीनवर चढला, पहिला कागद उठला, चाचांनी तो हातात घेतला आणि म्हणाले, "अरे, ये तो अपना अण्णाच है!" आखूड केस, नाकात चमकी, ओठावर कोवळी लव. डोळे सरळ बघणाऱ्याकडे. हे कागदाकडे बघत राहिले. अण्णा शाईचा डबा बंद करत होते, तो त्यांना काही केल्या बंद होईना.

"छापा," ह्यांनी चाचांना सांगितलं.

गड्ड्याच्या जत्रेत आम्ही बांगड्यांच्या दुकानांच्या रांगेत एक चटई टाकून बसलो. खेळणी आणि रेवड्यांच्या गर्दीत आमच्या पातळ पुस्तकाकडे कोण बघणार, अशी मला धास्ती होती. पण चित्रं बघायला वाचता यावं लागत नाही. एकेक जण उकिडवा बसून पान उलटे आणि हसू लागे. आपला कोट, आपलं तळं, टांग्याचा बरगड्या दिसणारा घोडा! पोरं तर काठीचा घोडा करून 'मी हाय, मी हाय' ओरडत जत्रेभर पळत होती. आणि शेवटच्या पानावर बहुतेक जण थांबत. कुणी म्हणे बाई हाय, कुणी म्हणे पोरगं हाय. एक म्हातारा शेतकरी खूप वेळ बघून म्हणाला, "असंल देवीला सोडलेलं माणूस." आणि त्यानं पुस्तक घडी करून मुंडाशात खोचलं.

दुसरा भाग कधी, असं लोक विचारू लागले. त्याहून वेगळी गोष्ट म्हणजे, गिरणीतल्या बायका आमच्या दारात येऊ लागल्या. सूत गुंडाळण्याच्या खात्यात काम करणारी एक जण बोळाच्या तोंडाशी राही. ती एका दुपारी डोक्यावरचा पदर नीट करत आत आली आणि मला म्हणाली, "वैनी, स्वारीला एक सांगायचं हाय."

मला हसू आलं, पण तिचा चेहरा पाहून ते तोंडातच राहिलं.

पाळी सुटली की गिरणीच्या फाटकाशी झडती होई, सूत चोरून नेत नाहीत ना म्हणून. बायकांची झडती बाईनं घ्यायची असा नियम. पण त्यांच्या खात्याचा मुकादम त्या बाईला बाजूला करून स्वतः झडती घेई. कशी घेई, ते तिनं सांगितलं. मी ते इथं लिहीत नाही.

"कुणाला सांगायचं?" ती म्हणाली. "सांगितलं की उद्या फाटक बंद. तवा म्हटलं, स्वारीला सांगावं."

अण्णा पलीकडं दगडावर वाकले होते. त्यांचा हात थांबला होता.

दुसऱ्या भागात स्वारी गिरणीच्या फाटकाशी उभी राहिली. मुकादम बायकांच्या रांगेकडे हात पुढं करतो, तोच स्वारी म्हणते, 'मी पाहिलं.' मग ती मुकादमाला पायाला धरून उलटा करते आणि त्याची झडती घेते. त्याच्या पटक्यातून, खिशांतून, धोतराच्या निऱ्यांतून चोरलेल्या सुताच्या बॉबिनी धडाधड पडतात. शेवटच्या चौकटीत बायका हसत बाहेर पडताहेत आणि मुकादम अजून उलटाच आहे. अण्णांनी त्याच्या बगलेत छत्री दाखवली होती. उन्हाळा असो पावसाळा असो, खऱ्या मुकादमाच्या बगलेत छत्री असे. मी म्हटलं, "अण्णा, छत्रीवरून ओळखतील." ते म्हणाले, "वळखू देत की."

पुस्तक गिरणीत पोचलं. पाळी सुटताना फाटकाशी कुणीतरी छत्री उलटी टांगून ठेवली. बायका पदर तोंडाला लावून बाहेर पडल्या. झडतीला पुन्हा बाई उभी राहू लागली. हे सगळं मला सूतखात्यातल्या त्या बाईनं सांगितलं, तेव्हा ती आमच्या पायरीवर बसून पोट धरून हसत होती. आम्हीही हसलो. ते हसू फार दिवस टिकलं नाही.

मंगळवारच्या बाजारात मी भाजी घेत होते. अण्णा थोडे पुढं, आईसाठी वांगी निवडत होते. चार-पाच माणसं आली. दोघांनी अण्णांचे हात मागं धरले. मुकादम स्वतः नव्हता, पण माणसं त्याचीच होती, बाजारात सगळे त्यांना ओळखत होते. त्यांतला एक जोरात म्हणाला, "झडती घेतो व्हय रं? आता तुजी झडती. बगू तरी, बाई हाय का बाप्या!"

आणि त्यानं सदरा गळ्यापासून खालपर्यंत फाडला.

मी ओरडत होते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. गर्दीनं रिंगण धरलं होतं. मी मध्ये घुसले, कुणाची तरी पाटी माझ्या धक्क्यानं उलटली. अण्णांनी सुटायची धडपड केली नाही. वाकले नाहीत. हात सुटले तेव्हा अंग झाकायलाही वर नेले नाहीत. उन्हात तसेच ताठ उभे राहिले आणि फाडणाऱ्याकडे बघत म्हणाले, "झाली झडती? जावा आता."

त्या माणसानं नजर वळवली. रिंगण आपोआप मागं सरलं. मी पुढं झाले. तोवर एका चादरवाल्यानं गठ्ठ्यातली कोरी चादर ओढून माझ्या हातात दिली होती. मी ती त्यांच्या खांद्यावर टाकली. त्यांचं अंग थरथरत होतं. चादरीवरून मला ते कळत होतं, बघणाऱ्याला कळत नव्हतं. आम्ही दोघं चालत बोळात आलो. वाटेत ते एवढंच म्हणाले, "वांगी राहिली."

मग अण्णा कामावर येईनात. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा आई दारातच बसली होती. मराठी तिला तुटकं येई. ती रडत नव्हती, चिडली होती. म्हणाली, "म्हटलं होतं मी. केस वाढव, साडी नेस. निजामाच्या मुलखात माझी भाऊ हाय, तितं एक बिजवर हाय. आता जाईल. आता ऐकेल." आत अण्णा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून भिंतीकडं तोंड करून बसले होते. मागावर सूत नव्हतं. मी बराच वेळ जवळ बसले. उठताना मीच म्हटलं, "अण्णा, तिसऱ्या भागाचा दगड घासून ठेवलाय चाचांनी." त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते समजलं नाही.

गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी अण्णांची आई आमच्या दारात उभी. नवं लुगडं नेसलेली, कपाळाला मोठं कुंकू. म्हणाली, "वैनी, माझ्यासंगं चल. मला मराठी येत न्हाई नीट."

"कुठं?"

"त्या मुकादमाकडं."

ह्यांनी मला अडवलं नाही, पण चाचांना मागून पाठवलं. मुकादमाच्या घरापाशी पोचल्यावर म्हातारी हाक न मारता सरळ त्याच्या पायरीवर मांडी घालून बसली. मी उभीच. मुकादम बाहेर आला. तिनं मला बोलूच दिलं नाही. मराठी येत नाही म्हणणारी ती बाई स्वतःच बोलली.

"माझी पोर हाय ती. मी तिला मारले, लई मारले. चटके दिले. जेवायला न्हाई दिले. ती ऐकली न्हाई. मी आई हाय. मी रागावते, मी रडते, माझं घर हाय. तू कोण? तुला कुणी सांगितलं माझ्या पोरीचं अंग बगाया?"

मुकादम म्हणाला, "म्हातारे, ऊठ. मी तितं नव्हतोच."

ती उठली नाही. ऊन पायरीवर आलं, तरी उठली नाही. शेजारपाजारची दारं उघडली. मुकादमाची बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. म्हातारीनं पाणी घेतलं नाही. ती बाई थोडा वेळ तांब्या हातात धरून उभी होती. मग तिनं तांब्या खाली ठेवला आणि सगळ्या गल्लीदेखत ती म्हातारीच्या शेजारी पायरीवर बसली. मुकादमानं तिला दोनदा हाक मारली. मग तो आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. दोघी बाहेरच.

माफी कुणी मागितली नाही. पण त्यानंतर अण्णा रस्त्यानं दिसले की मुकादम वाट बदलत असे. हे मी स्वतः पाहिलंय.

परत येताना म्हातारी दमली होती. मी तिचा हात धरला. "आता तरी त्यांना निजामाच्या मुलखात पाठवू नका," मी म्हटलं.

"पाठवणार न्हाई," ती म्हणाली. आणि लगेच रागानं, "पण साडी नेसायला काय हुतं तिला?"

अण्णा परत आले. तेच धोतर, आणि तोच सदरा, शिवून घेतलेला. शिवण गळ्यापासून खालपर्यंत दिसत होती. चाचांनी दगड पुढं सरकवला.

त्याच आठवड्यात गिरणीच्या कचेरीतून निरोप आला. असली चित्रं छापणं बंद करा, नाहीतर लेबलांचं काम दुसरीकडे जाईल. राहिलंसाहिलं जे चालू होतं ते लेबलांवरच चालू होतं. हे संध्याकाळपर्यंत हिशेबाची वही उघडून बसले. मग अण्णांच्या मागं जाऊन उभे राहिले. दगडावर तिसऱ्या भागाचं शेवटचं पान तयार झालं होतं. भरबाजारात लोकांनी स्वारीला घेरलं आहे. विणलेलं लोखंड फाटून खाली पडलं आहे. मध्ये स्वारी उघडी उभी आहे, पाठमोरी. आपल्याला दिसतात ते बघणाऱ्या लोकांचे चेहरे. कुणी हसतंय, कुणी डोळे झाकतंय, एक बाई लेकराला छातीशी धरून पुढं येते आहे.

मी विचारलं, "अण्णा, इथं काय लिहू?"

"काय लिवू नका."

हे खोकले. त्यांना दम्याची सुरुवात तेव्हाच झाली होती. म्हणाले, "अण्णा, हे गेलं की लेबलं गेली. तुमचंही काम गेलं."

"व्हय."

"मग?"

अण्णा म्हणाले, "मालक तुमी. दगड तुमचा. घासून टाका म्हणा, आत्ता घासतो. मी काढलं, मला पुरे."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणणार होते ते त्यांना माहीत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती. ते चाचांना म्हणाले, "चढवा मशीनवर."

तिसरा भाग पहिल्यासारखा खपला नाही. लोक शेवटचं पान बघून पुस्तक खाली ठेवत. एक-दोघांनी पुस्तक परत आणून दिलं, हे पोरांच्या हातात कसं द्यायचं म्हणून. सूतखात्यातल्या बायकांनी घेतलं, पदरात गुंडाळून नेलं.

लेबलं गेली. आम्ही लग्नपत्रिका आणि भजनांची पुस्तकं छापायला लागलो. दगड महाग, ते पुन्हा पुन्हा वापरायचे असतात. चाचांनी वाळू आणि पाणी टाकून स्वारीचे दगड घासले. अण्णांनीच पाणी ओतलं. शाई निघून पाणी काळं झालं, मग राखाडी, मग स्वच्छ. त्या दगडांवर पुढं गणपती आले, कलश आले. अण्णांना त्या कामात पुरेसं काही उरलं नाही. नाटकमंडळींचे पडदे रंगवण्याचं काम दुधनीला मिळतंय असं कळलं, तेव्हा ते आईला घेऊन तिकडं गेले. आई आधी येत नाही म्हणाली, मग टांग्यात पहिली जाऊन बसली.

दोन-तीन वर्षांनी आम्ही दोघं अक्कलकोटला दर्शनाला गेलो होतो, तसेच पुढं दुधनीला गेलो. बाजारात विचारलं तर एका दुकानदारानं कानडी हेलात सांगितलं, "पेंटर? तिकडं गोदामात." अण्णा बांबूच्या परांचीवर उभे राहून पडद्यावर अरण्य रंगवत होते. नाकात चमकी, धोतराचा काचा मारलेला, केसांत थोडा पांढरा. आम्हाला पाहून खाली उतरले आणि आधी ह्यांचा खोकला कसा आहे ते विचारलं.

आईला आता दिसत नव्हतं. तिनं माझा चेहरा हातांनी चाचपला. आम्ही भाकरी, शेंगाची चटणी आणि दही खाल्लं. म्हातारी मध्येच ओरडे, "अम्मायी, त्यांना वाढ की!" आणि अण्णा वाढत.

मी म्हटलं, "अण्णा, स्वारी पुन्हा काढावीशी वाटत नाही?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "वाटतं कधी. मग वाटतं, त्या दिवशी बाजारात मी उभा हुतो का उभी, ते काय मला आठवत न्हाई. उभं हुतं, येवढं आठवतंय." थोड्या वेळानं म्हणाले, "तेवढं पुरतंय मला."

ह्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

संध्याकाळी ते आम्हाला पोचवायला स्टेशनवर आले. गाडीला उशीर होता. ते ह्यांना सांगत होते की नाटकात दिव्याच्या उजेडात हिरवा रंग मरतो, काळा दिसतो, म्हणून झाडांत पिवळा जास्त घालावा लागतो; आणि इथल्या दुकानातला पिवळा चांगला नाही, सोलापूरचा बरा. हे म्हणाले, पाठवून देतो. गाडी आली, आम्ही चढलो, तरी खिडकीशी उभं राहून अण्णा त्या पिवळ्याचीच खूण सांगत होते, डब्यावर कुठलं चित्र असतं आणि झाकण कुठल्या बाजूनं उघडतं ते.